शून्य पट

पेठकडच्या डोंगरातल्या त्या शाळेत अकरा मुलं, एक गुरुजी आणि खिचडी शिजवणारी अंबूबाई. दिवाळीच्या सुट्टीत हुकूम आला की कमी पटाच्या शाळा बंद, मुलांनी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जावं. नदीवर पूल नाही, हे हुकूम काढणाऱ्याला कुणी सांगायचं?

भात कापून झाला की पाडा द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरतो. एरवी मुलं म्हाताऱ्यांजवळ मागे राहत, कारण दुपारचं पोट शाळेत भरे. यंदा ती चूलच विझली. अंबूबाईनेच दारोदार सांगितलं, "पोरांना संगती न्या. हितं काय खातील?" जीप भरून मुलं गेली. तिची नात हर्षालीही चौथीचं पुस्तक पिशवीत घालून आईबरोबर गेली.

मग नाशकात लोक जागे झाले. मोर्चा निघाला, इंदिरानगरातल्या बायकाही 'शाळा वाचवा' म्हणत रस्त्यावर उतरल्या, टीव्हीवर आठवडाभर तेच. त्यात निवडणूक तोंडावर! सरकारला एकदम जनभावना कळली आणि हुकमाला स्थगिती मिळाली. शहरात पेढे वाटले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

रंगनाथ गुरुजींनी कुलूप काढलं तेव्हा अंबूबाई हरखून गेली. त्यांच्याच फोनवरून ती सुनेशी बोलली.

"आशा, हर्षालीला धाड. शाळा सुरू झाली."

"आत्या, हंगाम टाकून कोण येणार? ती बी घड विरळायला लागली हाय. मुकादम सोडायचा नाय."

बाकीच्या घरांतूनही तेच उत्तर आलं. आपणच पोरं घालवली, हा विचार अंबूबाईला सोडेना.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून साहेब तपासणीला आले.

"लोकांनी मागितली म्हणून शाळा चालू ठेवली. मुलं कुठं आहेत?"

"गुढीपाडव्याला येतील, साहेब. समदी येतील," अंबूबाई म्हणाली.

"तोवर मी काय लिहू?"

साहेब तसे वाईट नव्हते. पट शून्य, गावाला शाळेची गरज दिसत नाही, असं लिहून त्यांनी कागद साक्षीसाठी तिच्यापुढे धरला.

"आज एकही मूल आलं नाही, हे खरं आहे ना, बाई?"

खरंच होतं. अंबूबाईने अंगठा दिला.