सपाट रेघ

सहाव्या महिन्यातच कळा येऊ लागल्या म्हणून सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं. पोटावर चिकटवलेल्या चकत्या गर्भाशयातले विजेचे संकेत टिपत आणि कळ आली की पडद्यावरची रेघ उसळी घेई. रेघ उसळू लागली की नर्सने कळा थांबवायचं औषध वाढवायचं, असं ठरलं होतं.

चकत्यांखाली खाज सुटली, तेव्हा सासूबाईंनी त्या मायेने उचलल्या, खाली चांगलं तेल चोळलं आणि पुन्हा जागच्या जागी दाबून बसवल्या. रेघ लगेच शांत झाली. तेलाचा गुण पाहून घरची मंडळी धन्य झाली.

"आई, खूप दुखतंय हो," सून म्हणाली.

"अगं, पडद्यावर काहीच नाही. मनाचे खेळ आहेत हे."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना."

नवरा इंजिनीअर होता. "रेघ बघ, किती सपाट आहे," तो म्हणाला. "उगाच सगळ्यांना घाबरवू नकोस."

दुपारभर सगळे तिला असंच समजावत राहिले. बाहेरच्या पडद्यावर तीच रेघ बघून नर्सही निर्धास्त होती. संध्याकाळी ती आत आली.

"तेल कुणी लावलं? तेलावरून हे काहीच पकडत नाही!"

तिने पोट पुसून नव्या चकत्या लावल्या. रेघ थेट पडद्याच्या वरच्या काठाला भिडली. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी तपासलं.

"आता थांबवता येणार नाही. आणि एवढ्याशा बाळाला वाचवणंही आपल्या हातात नाही."

"आता दिसतंय ना?" सुनेने नवऱ्याला विचारलं.

"हो," तो पडद्याकडे बघत म्हणाला.