हनुवटीचं विचारायचं राहून गेलं

चष्मेवाल्याच्या बहिणीच्या हनुवटीवर केस यायला लागले तेव्हा ती अकरावीत होती. आधी तुरळक, मग लांबून दिसतील असे, काळे आणि राठ. एक दिवस वर्गात कुणीतरी मागून तिला "ओ काका" अशी हाक मारली आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं, ओढणी तोंडावर घेतली आणि पडून राहिली. जेवायलाही उठली नाही.

घरात माणसं तीनच. अम्मी, भाऊ आणि ती. वडील ती रांगत होती तेव्हाच गेले होते. भाऊ तिच्याहून बराच मोठा. वडिलांचं चष्म्याचं दुकान त्यानं कॉलेज सोडून अंगावर घेतलं होतं, आणि घरातला शेवटचा शब्द त्याचा असायचा. ती शेंडेफळ म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे.

अम्मीनं दुसऱ्या दिवशी तिला गल्लीच्या टोकाच्या पार्लरमध्ये नेलं. पार्लरवालीनं दोरा दातात धरून हनुवटी चकाचक केली, आणि जाता जाता, कुणी न सांगता, भुवयाही कोरून दिल्या. "हे माझ्याकडून," म्हणाली. बारकी घरी आली ती आरशासमोरून हलेना. हनुवटीवरून सारखा हात फिरवत होती.

भाऊ घरी आला. हनुवटीकडे त्याचं लक्षही गेलं नाही. त्याला दिसल्या त्या भुवया. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर फ्रेमा बसवून बघायचं काम. तिथला फरक त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"हे काय करून आलीस?"

"तिला वर्गात चिडवतात रे," अम्मी मध्ये पडली. "हनुवटीवर—"

"अम्मी, मी भुवयांबद्दल विचारतोय."

त्या दिवसांत तो नुकताच पाच वेळची नमाज नेमानं पढायला लागला होता. नव्यानं धर्माकडे वळलेल्या माणसाची घाई त्याच्या अंगात होती. घरातलं सगळं त्याला ताबडतोब सरळ करून टाकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर तो मशिदीच्या पायऱ्यांवर मौलानांना गाठायला थांबला. मौलानांना कुठेतरी निकाह लावायला जायचं होतं, बाहेर गाडी थांबलेली. त्यांचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"मौलाना, एक मसला विचारायचा होता. बायकांनी पार्लरमध्ये जाऊन चेहऱ्याचे केस काढले तर चालतं का?"

"भुवया कोरणाऱ्या आणि कोरून घेणाऱ्या, दोघींवर लानत आहे, बेटा. हदीसमध्ये साफ आलंय. अल्लाहनं दिलेलं रूप नटण्यासाठी बदलायचं नाही."

आणखी विचारायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण पायऱ्यांवर ओळखीची माणसं उतरत होती. माझ्या बहिणीला दाढी येते, हे त्यांच्यासमोर कसं बोलायचं? त्याचे कान नुसत्या विचारानंच तापले. मौलाना गाडीत बसले आणि तो घरी आला.

"लानत आहे," त्यानं दारातूनच सांगितलं. "अल्लाहच्या रहमतीतून माणूस बाहेर पडतं. यापुढे पार्लर बंद."

"हनुवटीचं विचारलंस का?" अम्मीनं विचारलं.

"चेहरा म्हणजे चेहरा. हनुवटी काय चेहऱ्याच्या बाहेर असते?"

बारकी म्हणाली, "बरं, भाई." एवढंच म्हणाली. त्याला तिचा अभिमान वाटला. किती समजूतदार पोर आहे, असं त्यानं रात्री अम्मीला बोलूनही दाखवलं.

पुढे बारकी नर्सिंगला गेली आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरीला लागली. "तिथेच का?" असं अम्मीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं गडबड नसते." तिथं दिवसभर तोंडावर मास्क असतो, हे भावाच्या डोक्यातही आलं नाही. घरी तिचा चेहरा साफ दिसायचा. वयाबरोबर गेले असतील केस, असं तो धरून चालला. खरं सांगायचं तर धरून चालला असंही नाही, तो विषय तो विसरूनच गेला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बारकीला स्थळं आली ती तिनं एकेक करून परत पाठवली.

काही गोष्टी मात्र त्याला खटकायच्या. ती नमाज पढायची, पण घाईघाईनं, दार लावून. कुणी आजारी असलं आणि उशाशी बसून कुराण वाच म्हटलं की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. अम्मीला घेऊन तो मक्केला, उमऱ्याला गेला, तेव्हा बारकीचंही जायचं ठरलं होतं. ऐनवेळी तिनं ड्यूटीचं कारण काढलं. "हिच्यात दीन-इमानच राहिलं नाही," तो बायकोला म्हणाला. "हॉस्पिटलच्या हवेनं बिघडली."

मग अम्मी गेली.

घरात बायका जमल्या. गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, घालायची तयारी झाली. आतल्या खोलीत पडदा लावला. बाई मयताला बायकाच अंघोळ घालतात, आणि मुलगी असेल तर पहिला हक्क तिचा. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, "बारके, चल. अम्मी वाट बघतेय."

बारकी पडद्याबाहेर पाण्याची बादली धरून उभी होती. तिनं बादली आत दिली. कापूर दिला, कफनाचं कापड दिलं. स्वतः उंबरा ओलांडला नाही.

"मला नाही जमणार, चाची. तुम्हीच करा."

भाऊ व्हरांड्यात माणसांबरोबर बसला होता. त्याला हे कळलं आणि त्याचं डोकं तडकलं. तो आत आला आणि सगळ्या बायकांच्या देखत बोलला, "परक्यांच्या रक्तामांसात हात घालून रोज पोट भरतेस आणि आईला हात लावायला तुला किळस येते?"

बारकीनं मान वर केली नाही. अम्मीला शेजारणीनं आणि मामीनं अंघोळ घातली.

त्यानंतर बारकी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली. दोघांचं बोलणं कामापुरतं राहिलं, मग तेही उरलं नाही. चष्मेवाल्याला वाटायचं, चूक तिची, तिनं यावं. आपण गेलो तर अम्मीशी बेइमानी होईल, असंही त्याला वाटायचं.

त्याची स्वतःची मुलगी नववीत गेली आणि एक दिवस शाळेत जाईना. पोट दुखतं, डोकं दुखतं, रोज नवा बहाणा. घरातसुद्धा स्कार्फ ओठापर्यंत ओढून बसायची. शेवटी बायकोनं त्याला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"तिला हनुवटीवर केस येतात. तुमच्या बहिणीला यायचे तसेच."

"मग? काढता येत नाहीत. हराम आहे."

"कुणी सांगितलं?"

"मौलानांनी. मी स्वतः विचारलं होतं."

"काय विचारलं होतंत?"

त्याला मशिदीच्या पायऱ्या आठवल्या.

बायकोचा स्वभाव तसा मऊ, पण त्या दिवशी ती हटली नाही. "आता नीट विचारा. लाज वाटत असेल तर मी येते आणि मी विचारते."

जावं लागलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मौलानांना नवा चष्मा लागला होता, आणि त्याच आठवड्यात ते काठी टेकत दुकानात आले. आता ते खूप म्हातारे झाले होते. चष्मेवाल्यानं त्यांच्या कानामागे दांडी बसवली, नाकावरच्या गाद्या चिमट्यानं जरा आत दाबल्या, आरसा पुढे केला.

"वा!" मौलाना आरशात बघत म्हणाले. "इतके दिवस वाटायचं मी अजून तरणा आहे. तू घोटाळा केलास."

तो हसला नाही. त्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं, समोर स्टूल ओढलं आणि या वेळी सगळं सांगितलं. हनुवटी, राठ केस, शाळा, स्कार्फ.

मौलानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग काढून टाका की," ते म्हणाले. "यात विचारायचं काय आहे?"

"पण रूप बदलणं..."

"अरे, बाईच्या चेहऱ्याला दाढी हे काय तिचं नेहमीचं रूप आहे? मनाई नटण्यासाठी भुवया कोरण्याला आहे. दाढी-मिशा आल्या तर बाईनं त्या काढाव्यात, काढणंच चांगलं, असं मोठमोठ्या आलिमांनी लिहून ठेवलंय. जे व्यंग आहे, ज्याचा त्रास होतो, ते दूर करणं वेगळं. लढाईत एकाचं नाक गेलं होतं, त्याला खुद्द पैगंबरांनी सोन्याचं नाक बसवायची परवानगी दिली. आणि पोरीला डॉक्टरांनाही दाखव. आतून काही बिघाड असेल तर औषध मिळेल."

"तुम्ही तर तेव्हा लानत म्हणाला होतात."

"मी? कधी?"

त्यानं पायऱ्या आठवून दिल्या. मौलानांना ते आठवेना. "तू मला काय विचारलं होतंस?" त्यांनी विचारलं, अगदी बायकोनं विचारलं तसंच. त्यानं शब्दन्‌शब्द सांगितला.

मौलानांनी नवा चष्मा काढून हातात घेतला. "कुणासाठी विचारतोयस, एवढं तरी मी विचारायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "घाईत होतो असणार. कोण होती ती?"

"माझी बहीण."

"तिनं काय केलं मग?"

हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो क्वार्टर्सवर गेला. बारकीनं दार उघडलं. तिच्या केसांत पांढरं आलं होतं. तिनं त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाहुण्यासारखं. त्यानं पाण्याला हात न लावता एका दमात सगळं सांगून टाकलं. मौलाना काय म्हणाले, आपण काय विचारलं होतं, काय राहून गेलं होतं.

ती पलंगाच्या कडेला बसली.

"म्हणजे चालत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो, बारके."

"मी काढतच होते, भाई." तिचा आवाज एकदम सपाट होता. "तू नको म्हणालास ना, मी महिनाभर थांबले. मग नाही झालं सहन. ब्लेडनं काढायला लागले. रोज सकाळी, नळ सोडून, म्हणजे अम्मीला कळू नये. आणि मग त्याच नळावर हातपाय धुऊन, वजू करून नमाजला उभी राहायचे. रोज वाटायचं, आत्ताच तर लानत ओढवून घेतली, आता कुठल्या तोंडानं मागू?"

तो काही बोलणार होता. तिनं हात वर केला.

"म्हणून उमऱ्याला आले नाही. आणि अम्मीला..." ती थांबली. "मला किळस नव्हती आली. मला वाटलं, ती पाक होऊन चाललीय, माझा असला हात तिला कशाला लागायला हवा?"

चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर ती बादली आली, पडदा आला, स्वतःचे शब्द आले. तो खुर्चीवरून उठून तिच्या पायाशी बसला, आणि मोठा माणूस रडतो तसा, तोंड वेडंवाकडं करत रडला. बारकीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण ती रडली नाही.

"मला दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं," ती म्हणाली. "सुचलंच नाही. तू विचारून आला होतास ना."

"माफ कर मला."

"करीन. आज नको विचारूस."

मग तिनं भाचीची चौकशी केली. किती आलेत, कुठे आलेत, पाळी वेळेवर येते का. "ब्लेड लावू देऊ नकोस. कापतं आणि डाग पडतात." तिनं ओढणी जरा खाली करून हनुवटी दाखवली. बारीक काळपट व्रणांची जाळी होती. इतकी वर्षं एका घरात राहून त्यानं ती पाहिली नव्हती.

पुढच्या सुट्टीला ती घरी आली, अम्मी गेल्यानंतर पहिल्यांदाच. भाचीला घेऊन आतल्या खोलीत बसली. थोड्या वेळानं पोरीचं "आत्या, दुखतं!" ऐकू आलं, आणि मग दोघींचं हसणं. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती. त्याला कुणी आत बोलावलं नाही. पोरगी त्या आठवड्यात शाळेत गेली.

बाहेर येऊन बारकी त्याला म्हणाली, "मला मौलानांकडे ने. या वेळी मीच विचारते."

मौलानांच्या खोलीत ती त्यांच्यासमोर चटईवर बसली. भाऊ दाराशी. तिनं सगळं पहिल्यापासून विचारलं, एकही गोष्ट न गाळता, रुग्णाची माहिती डॉक्टरांना द्यावी तसं. मौलानांनी तेच उत्तर दिलं. मग म्हणाले, "बेटी, माझं चुकलं. मला माफ कर."

"माझ्या इतक्या वर्षांच्या नमाजा?"

"झाल्या. सगळ्या झाल्या. तू गुन्हा केलाच नव्हतास. एखादी सुटली असेल तर तिची कजा आहे, नंतर पढून भरून काढता येते."

बारकीनं मान हलवली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आणि मौलाना, अम्मीची अंघोळ राहिली माझ्याकडून. तिची कजा असते?"

मौलानांनी भावाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"नाही, बेटी. तिची कजा नसते. तिच्यासाठी दुआ कर. दुआ पोचते."

ती उठली, त्यांना सलाम केला आणि बाहेर आली. रस्त्यावर उन्हं तापली होती. भाऊ तिच्या मागोमाग चालत होता. बरोबरीनं चालायचा त्याला धीर होईना.

"घरी चल," तो म्हणाला. "जेवून जा."

"दुपारची ड्यूटी आहे."

"मग सोडतो तुला."

"नको. तुझं दुकान बंद आहे सकाळपासून, जा तू." थोडं पुढे जाऊन ती वळली. "पोरीला शुक्रवारी पाठव माझ्याकडे. डॉक्टरांचे रिपोर्ट घेऊन."

"पाठवतो."

ती रस्ता ओलांडून बस येईपर्यंत थांबली, तोही रस्त्याच्या या बाजूला थांबला. बस आली, मध्ये उभी राहिली, तिला घेऊन निघून गेली.