अकरा सेकंदांचा इतिहास

"चौऱ्याहत्तर सालचं पान तेवढं काढून टाक," असं म्हणून केल्व्हिन फिट्झनरने स्पंज केकचा दुसरा तुकडा उचलला.

नेव्हिल ट्रेवार्थाने ऑस्ट्रेलियातल्या कराबिन गावच्या फुटबॉल क्लबचा दोनशे बारा पानांचा इतिहास लिहिला होता. खरं म्हणजे त्याला एकच वाक्य लिहायचं होतं. पण एका वाक्याचं पुस्तक कोणी छापत नाही, म्हणून त्याला मागेपुढे एकशे सात वर्षं जोडावी लागली.

वाक्य असं होतं : भोंगा वाजला होता.

चौऱ्याहत्तरच्या अंतिम सामन्यात कराबिन शेजारच्या मिंडालाँग गावाच्या दोन गुण पुढे होतं. पंचवीस वर्षांचा नेव्हिल वेळ पाहत होता. वेळ संपली आणि त्याने बटण दाबलं. भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले. ती चार्ज करायचं काम समितीकडे होतं, म्हणजे कुणाकडेच नव्हतं. मेंढी शिंकावी तसा आवाज झाला. पंच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि पंचाला भोंगा ऐकू येईपर्यंत खेळ संपत नाही. पुढच्या अकरा सेकंदांत मिंडालाँगच्या केल्व्हिनने सहा गुणांचा गोल मारला आणि चषक नेला.

गावाने नेव्हिलला माफ केलं नाही. कामावरूनही काढलं नाही, कारण शनिवारभर पत्र्याच्या खोलीत घड्याळ धरून बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पुढची चव्वेचाळीस वर्षं तो पबात शिरला की मागून कोणीतरी शिंके. कराबिनच्या कप्तानाची बहीण लोर्ना, नेव्हिलची वाग्दत्त वधू, तिने अंगठी परत केली आणि दोन वर्षांनी केल्व्हिनशी लग्न केलं. लग्नाला वेळेवर पोचलेला एकटा नेव्हिलच होता.

आता दोन्ही गावांत मिळून जेमतेम अठरा पोरं उरली होती. त्यामुळे क्लब एक झाले होते आणि अध्यक्ष केल्व्हिन होता.

"एक झालेल्या क्लबच्या इतिहासात कुणी कुणाला हरवत नसतं, नेव्ह."

"मग तो चषक कुणाचा?"

"आपला. म्हणजे तुझाही. अभिनंदन."

"चषक ठेव तुझ्याकडे. माझं वाक्य राहू दे."

"अरे, लोक विसरले ते."

"परवाच पोरं शिंकली माझ्या मागे. त्यांचे बाप तेव्हा दुधावर होते."

लोर्ना चहा ओतत होती. "सांगून टाक ना त्याला, केल."

"काय सांगू?"

"तू भोंगा ऐकला होतास ते."

केल्व्हिनने ओठावरचं क्रीम पुसलं. "सगळ्यांनीच ऐकला होता, पंच सोडून. मी थांबलोसुद्धा होतो जरा. म्हटलं, पंचच थांबत नाही, तर मी कशाला थांबू?"

नेव्हिल लोर्नाकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"तुझी अंगठी परत करायच्या आधी," ती म्हणाली. "दूध घालू?"

"घाल."

लोर्नाने दूध घातलं. मग नेव्हिल म्हणाला, "मग आता लिहायला काय हरकत आहे? खरंच आहे ना ते?"

"खरं आहे रे. पण समितीत आठजण मिंडालाँगचे आहेत."

पुस्तक हंगामाच्या पहिल्या शनिवारी निघालं. चौऱ्याहत्तर सालापुढे 'संयुक्त क्लब विजेता' एवढंच छापलं होतं. त्या दिवशी चौऱ्याहत्तरच्या विजेत्या संघाचा फोटो घ्यायचं ठरलं, पण माणसं कमी पडली. सहाजण वारले होते आणि दोघं दूर क्वीन्सलँडला राहायला गेले होते, म्हणजे जवळजवळ तेच.

"नेव्ह, मागच्या रांगेत उभा राहा बाबा," केल्व्हिनने हाक मारली. "चषक तुझाही आहे म्हटलं ना."

लोर्नाने मिंडालाँगचा पिवळा सदरा आणून दिला. तो पोटावर आखूड होत होता.

फोटो क्लबच्या भिंतीवर लावलाय. सगळ्यांचे हात शेजाऱ्याच्या खांद्यावर आहेत. मागच्या रांगेत चौथ्या माणसाने दोन्ही हात पँटच्या खिशात घातलेत, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर शेजाऱ्यांचे हात आहेत.