पहिल्या रांगेतली खुर्ची

ती गेली हे आचाऱ्याला कळलं तेव्हा त्याच्या हातात थर्मास होता. हॉस्पिटलच्या चहाला ती फडकं पिळलेलं पाणी म्हणायची, म्हणून रोज सकाळी तो घरून चहा करून न्यायचा. त्या दिवशी आलं जरा जास्त ठेचलं होतं, कारण त्याला तिच्याशी बोलायचं होतं. जिन्याच्या तोंडाशी डॉक्टर भेटले आणि म्हणाले, "बसा." पलटणीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं, वरचा माणूस आपणहून बसायला सांगतो तेव्हा पुढे काय येणार असतं. तो उभाच राहिला. मग लेक आली, तिने थर्मास त्याच्या हातातून काढून घेतला. तो चहा कोणी प्यायला की मोरीत गेला, हे त्याने नंतर कधी विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी बायकोने त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला होता. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून आकसलेली. अडतीस वर्षं तिने रोज त्यावर तेल चोळलं होतं.

"थंडीत दुखेल हा. कोण लावणार तेल?"

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"मग सांगा की."

"उद्या. चहा घेऊन येतो, मग सांगतो."

"एवढं काय आहे, की त्याला चहा लागतो?" म्हणून ती हसली होती.

सांगायचं होतं ते हाताबद्दलच. लग्न ठरताना त्याने तिला सांगितलं होतं, की लढाईत पुलावर तोफगोळा फुटला आणि हात भाजला. तिने ती गोष्ट वाणसामानाच्या दुकानात सांगितली, बसस्टॉपवर सांगितली, दात काढायला गेली तिथे तोंडात कापूस असताना सांगितली. तिच्या तोंडी तो गोळा दर वर्षी थोडा मोठा होत गेला. आचारी शेजारी उभा राहून पायाकडे बघायचा. लोकांना वाटायचं, काय विनय आहे माणसाचा!

खरं म्हणजे आचारी त्या पुलापासून नऊ मैल मागे होता. ते त्याच्याखेरीज आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

माजी सैनिक संघाची खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. आत एक लोखंडी कपाट, चाव्या ठेवायला उलटं टांगलेलं शिरस्त्राण, आणि भिंतीवर शूरांच्या नावांचा फलक. पहिल्या रांगेत हातांच्या खुर्च्या, त्या ज्यांनी गोळीबार अंगावर घेतला त्यांच्या. मागे स्टुलं, ती उरलेल्यांची. फलकावर नाव लागायचं तर नियम एकच होता: ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याने सभेत उभं राहून "मी पाहिलं" म्हणायचं. आजवर कोणाचंही नाव साक्षीदारावाचून अडलेलं नव्हतं. आचाऱ्याच्या वेळी तोफवाला उभा राहिला होता. तोफवाला दोन्ही कानांनी बहिरा आणि त्या वेळी पुलाच्या जवळपासही नव्हता, पण आदल्या वर्षी आचारी त्याच्यासाठी उभा राहिला होता, तेव्हा हिशेब बरोबर होता.

संघाचा अध्यक्ष पलटणीत बिगुल वाजवायचा. लढाई सुरू झाली तेव्हा त्याने वाजवला, संपली तेव्हा वाजवला. मधलं त्याला ऐकीव माहीत होतं.

बायको जाऊन महिना झाला आणि आचारी पहिल्यांदा खोलीवर गेला. तिथे निवडणुकीवरून जुंपली होती. शहराचे साहेब, एके काळी याच पलटणीतले, उभे होते. चौकाचौकात त्यांचा काठी टेकलेला फोटो लागला होता आणि खाली 'ज्याने पुलावर रक्त सांडलं'. पाय त्यांचा खरोखरच अधू होता. त्यांचं नाव फलकावर लावायचं की नाही, यावर चर्चा चालली होती.

"पंधरा दिवस बघतोय," ड्रायव्हर मागच्या स्टुलावरून म्हणाला, "हा रोज उठून शेजारच्या देशाशी लढाई मागतोय. याचा पोरगा कुठेय? परदेशात हॉटेल चालवायला शिकतोय!"

"पोराचं काय घेऊन बसलास? बापाने लढाई केलीय!" अध्यक्ष म्हणाला. "त्यांच्या विरोधात आहे तो तर सपाट पायांचं कारण सांगून भरतीतून सुटला होता."

"सपाट पायवाला निदान खोटं तरी नाही बोलला."

"काय म्हणाला?" तोफवाला ओरडला.

"काही नाही, तू बस!"

"बसलोच आहे!"

"तुला रे काय कळणार शौर्यातलं?" अध्यक्ष ड्रायव्हरवर घसरला. "स्टुलावर बसणारा माणूस तू."

ड्रायव्हरने दारूगोळ्याचा ट्रक भर माऱ्यातून पुलापलीकडे नेला होता. पण साक्ष द्यायला तो कोणाला म्हणालाच नव्हता. "कसलं शौर्य!" तो म्हणाला. "ब्रेक लागेना. लागला असता तर तिथूनच माघारी फिरलो असतो. सगळीकडे सांगून बसलोय मी हे, फक्त सभेत उभं राहून नाही."

"ते राहू दे. साहेबांनी संघाला नवा हॉल कबूल केलाय," अध्यक्ष म्हणाला. "पंख्यांसकट." मग आचाऱ्याकडे वळला. "आणि साक्षीदार आपल्याकडे आहे. तुम्ही दोघं एकाच दिवशी जखमी झालात, दवाखान्याच्या कागदावर आहे. रविवारी सकाळी दहाला. उभं राहायचं, दोन शब्द, बसायचं. बस."

शुक्रवारी साहेब स्वतः घरी आले. सोबत फोटोवाला. बायकोच्या फोटोपुढे डोळे मिटून उभे राहिले, ते फोटोवाल्याने "झालं" म्हणेपर्यंत. मग त्याला बाहेर पाठवून स्टुलावर टेकले.

"आचारी, किती वर्षं झाली रे?"

"चाळीस."

"दोघंही गप्प बसलो, दोघांचंही भलं झालं." साहेबांनी फोटोकडे बघितलं. "वहिनींना केवढा अभिमान होता तुझा. दवाखान्यात भेटल्या होत्या एकदा, माझ्या सेक्रेटरीलासुद्धा हाताची गोष्ट सांगितली. आता त्यांच्यामागे लोकांनी हसू नये, एवढंच. तू माझं बोल. मी तुझं बोलणार नाही."

ते गेले आणि आचाऱ्याने दार लावलं. धमकी त्याला कळली होती. आपल्यावर कोणी हसलं तर त्याला चाललं असतं, लोकांनी तिच्यावर हसू नये एवढंच त्याला वाटत होतं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने तेल काढलं, डाव्या हाताने उजव्यावर चोळायला गेला, आणि निम्मं लुंगीवर सांडलं. इतक्या वर्षांत ते स्वतः कधी लावलंच नव्हतं. ज्या दोन हातांनी ते लावलं, त्या हातांना आपण अडतीस वर्षं फसवत आलो, आणि आता त्यांच्याच नावाने पुन्हा फसवायला निघालो, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

रविवारी खोली गच्च भरली. टायरवाल्याने स्वतःची बाकं वर पाठवली होती. लेकही आली होती, दाराशी उभी. फलकावर साहेबांचं नाव आणि पुढे 'पुलावर' असं रंगवून वर कागद चिकटवला होता. साक्ष झाली की ओढायचा. अध्यक्षाने बिगुल वाजवला, आता त्यात दम राहिला नव्हता, आणि आचाऱ्याला खूण केली.

आचारी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठला.

"मी पाहिलं," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. अध्यक्षाने कागदाला हात घातला.

"थांब. काय पाहिलं ते सांगतो. पुलापासून नऊ मैल मागे आमचं कोठार होतं. साहेब तिथे सामान मोजायला होते. जेवण झालं की बटाट्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून झोपायचे. त्या दुपारी मी उकळत्या चहाचं पातेलं घेऊन खालून चाललो होतो. लांब कुठेतरी तोफ उडाली. साहेब दचकले आणि पोत्यांसकट माझ्यावर आले. त्यांचा पाय मोडला. माझा हात भाजला. कागदावर 'कर्तव्यावर असताना जखमी' लिहिलं, ते खरंच आहे. पूल आम्ही नंतर लावला, दोघांनीही."

अध्यक्षाचा हात कागदावरच राहिला.

"काय म्हणाला तो?" तोफवाल्याने विचारलं. ड्रायव्हरने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं, त्यामुळे ज्यांना आधी नीट ऐकू आलं नव्हतं त्यांनाही ते ऐकू आलं. तोफवाला आनंदाने उठून उभा राहिला.

"कोठारामागे? दुपारी? अरे, ती आमचीच तोफ! सरावाची! मीच उडवली होती!"

साहेब तयारीचे होते. काठी टेकत पुढे आले, आचाऱ्याचा भाजलेला हात धरून वर केला आणि म्हणाले, "मित्रहो! पुलावरच्या जवानाला गरम चहा मिळावा म्हणून दोन सैनिकांनी आपलं अंग पणाला लावलं! आमचे विरोधक विचारतात, कुठे लढलात? मी अभिमानाने सांगतो, कोठारात!" आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. कागद ओढला गेला. फोटोवाल्याने फोटो काढला. अध्यक्षाने रंगाऱ्याला हळूच सांगितलं, 'पुलावर' खोडून 'कोठारात' घाल, आणि तोफवाल्याच्या नावापुढेही तेच लिही, त्याने तर स्वतः कबूल केलंय.

ड्रायव्हर हसून हसून डोळे पुसत होता. "मागे ये रे," तो म्हणाला. आचारी मागच्या रांगेत जाऊन त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसला. स्टूल एका पायाने लटपटत होतं.

"तुझ्या ब्रेकचं सांगू का आता उठून?" त्याने विचारलं.

"नको बाबा. पुढे बसवतील."

लेक त्याला घरी सोडायला आली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं?"

"नाही."

"कळलं असतं तर काय म्हणाली असती?"

त्याने विचार केला. चिडली असती का, हसली असती का, की दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बटाट्याची पोतीही दर वर्षी थोडी थोडी उंच करत गेली असती, हे त्याला ठरवता येईना. "माहीत नाही," तो म्हणाला.

लेकीने हाताला तेल लावून दिलं आणि ती तिच्या घरी गेली. थर्मास घासून फळीवर पालथा घातलेला होता. सभेला सांगून झालं, लेकीला सांगून झालं, उद्या पेपरातही येईल.

तिला सांगायचं राहून गेलं.