ओढ्याकाठचा अ‍ॅश

नोएलाने आणलेला अ‍ॅशच्या झाडाचा ओंडका तीन आठवडे ओढ्यालगत ओल्या शेवाळात झाकून पडला होता. आगाथामावशी येता-जाता त्याला थोपटायची. लोक येताना केक आणतात, आमच्या पोरीने लाकूड आणलं, असं साऱ्या वस्तीला सांगत सुटायची.

चार वर्षांच्या नोएलाला सरकारी बाईने उचलून दूर दक्षिणेला, परक्यांच्या घरी दिलं होतं. पस्तिशीत ती आपल्या पासामाक्वाडी जमातीच्या वस्तीत परतली, टोपल्या विणायला शिकायचं म्हणून. आदिपुरुष क्लुस्कापने बाण मारला आणि अ‍ॅशच्या खोडातून आपली माणसं गात-नाचत बाहेर आली, हे मावशीच्या तोंडून ऐकताना तिला रडू आवरेना. पुढे ती सामान आणायला दक्षिणेत गेली असताना तिथल्या शेजाऱ्याने अ‍ॅश पाडला, तेव्हा तिला वाटलं, आहेर न्यावा तर हाच. कीड पसरते, लाकूड जिल्ह्याबाहेर नेऊ नका, अशी रस्त्याकडेला पाटी होती. ती जळणासाठी असेल, असं तिने धरलं. हे थोडंच जळण होतं?

आज कुटायचा दिवस. कुऱ्हाडीच्या पाठीने कुटलं की लाकडाचे थर टोपलीसाठी पट्ट्या होऊन सुटतात. पण आधी साल काढायची. मावशीने सुरी घातली आणि साल उचलली.

आतल्या अंगाला भुशाने भरलेल्या नागमोडी वाटा होत्या. सालीवर तांदळाएवढी भोकं, एका बाजूने सपाट. नोएलाने एकात काडी घातली. रिकामं.

“मावशी, ते अ‍ॅश मारणारे किडे?”

“उडाले गं,” मावशी एवढंच म्हणाली.

समोरच्या दलदलीत मावशीच्या आईने राखलेले अ‍ॅश कोवळ्या पानांनी झुलत होते.  अंगणात मटकन बसून नोएला म्हणाली, “मला परत पाठव.”

“एकदा नेलं तुला, तेवढं पुरे झालं. ऊठ.”

दोघींनी ओंडका सालीसकट जाळला. मग मावशीने कुऱ्हाड दिली आणि तिला ओढ्याकाठच्या सरळसोट अ‍ॅशपाशी नेलं. त्याची साल कंबरेएवढ्या उंचीवर खोडाभोवती गोल सोलायची. झाड खंगतं, आसपास किडे असले तर आधी त्याच्यावरच येतात. थंडी पडली की ते तोडून सालीखाली बघायचं आणि आतल्या किड्यांसकट जाळायचं, म्हणजे बाकीची झाडं वाचतील.

“हेच का, मावशी? किती देखणं आहे.”

“तुझ्या पहिल्या टोपलीसाठी राखलं होतं.”

नोएलाच्या हातून पहिला घाव पडेना. मावशीने पलीकडून खोडाला दोन्ही तळवे टेकवले, कपाळ टेकवलं आणि हलक्या आवाजात झाडाशी बोलू लागली. तशी नोएला सोलू लागली.