शेवट तेवढा विकत

गणेशकुमारच्या आनंदाला उधाण आलं होतं. त्याच्या भाचीने, नंदिताने, तंजावरभर लोकांच्या स्वयंपाकघरात बसून आपल्या तंजावरी मराठीतल्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, आणि त्यांचं ऑडिओ-पुस्तक आजच विक्रीला आलं होतं. घरात देवनागरी वाचणारं कोणी नाही. पण ऐकायला काय जातं? पुस्तक पहिल्यांदा विकत घेतलं ते मामानेच. पहिली गोष्ट ऐकून डोळे पुसले, आणि मागचापुढचा विचार न करता सगळी फाइल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली.

ग्रुपवर एकच धमाल उडाली. पापनाशमची, ओरत्तनाडूची मंडळी "अय्यो, ही तर आमची भाषा!" म्हणत नाचायचीच बाकी राहिली. गणेशकुमारने त्याच भरात नंदिताला फोन लावला.

"सगळ्यांनी ऐकलं गं! सगळ्यांनी!"

"विकत किती जणांनी घेतलं, मामा?"

"मी घेतलं की!"

 नंदिता म्हणाली, "हे खपलं तरच पुढचं निघायचं. पुढच्यात आजीच्या गोष्टी यायच्या होत्या."

आता कुठे गणेशकुमारच्या डोक्यात प्रकाश पडला. आजी म्हणजे त्याची आई, गंगाबाई. वय नव्वदीकडे झुकलेलं, आणि गोष्ट सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचा आवाज मागे राहावा म्हणून जीव टाकणारा हा, आणि त्यानेच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता! त्याने ग्रुपवर "कृपा करून विकत घ्या" असं लिहिलं. चुलतभाऊ वेंकटेशचं लगेच उत्तर आलं, "घरच्या पोरीला पैसे कसले?"

शेवटी त्याने सगळं आईच्या कानावर घातलं. ती आधी त्याला पोट धरून हसली.

"रविवारी पापनाशमच्या मुंजीस सगळे येतील ना? मज घेऊन चल."

पापनाशमच्या हॉलमध्ये जेवणं उरकली आणि गंगाबाईने घसा खाकरला. सगळे खुर्च्या ओढून भोवती बसले. वेंकटेशने तर रेकॉर्डिंगसाठी फोनच पुढे धरला.

छत्रातला, म्हणजे धर्मशाळेतला, सांबाराचा हंडा रोज पहाटे रिकामा सापडतो, चोर काही सापडत नाही, अशी गोष्ट. गणेशकुमारने जन्मात कधी ऐकली नव्हती. स्वयंपाकी हंड्यामागे लपून बसला. बाहेर पावलं वाजली. दार करकरलं. त्याने कंदील उचलला, पाहतो तर...

गंगाबाई थांबली. सावकाश पाणी प्यायली.

"कोण होतं, काकी?" वेंकटेश ओरडला.

"ते नंदिताच्या पुढच्या पुस्तकांत. आधी हें विकत घ्या."

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. कोणी हसतंय, कोणी चिडतंय. पण फोन हातात होतेच, बोटं चालू लागली. वेंकटेशनेही घेतलं, तोंड वाकडं करून. गणेशकुमारला आनंदाने काय करावं सुचेना. तो आईच्या कानाशी वाकला.

"मज तरी सांग. मी तर पहिल्यांदा घेतलं!"

"एक घेतलास आणि गावभर वाटलास," गंगाबाई म्हणाली. "तूं सगळ्यांच्या शेवटीं ऐकायचं."