खिडकीपलीकडचे व्याही

कारखान्यात गणवेश शिवले जायचे. नर्सचे, वेटरांचे, पहारेकऱ्यांचे, लिफ्टमध्ये उभं राहून नुसती बटणं दाबणाऱ्यांचेसुद्धा. एका हॉलमध्ये कापड कापलं जायचं, शेजारच्या हॉलमध्ये ते शिवलं जायचं आणि मधल्या भिंतीत एक खिडकी होती. कापलेल्या तुकड्यांचे ट्रे त्या खिडकीतून शिलाईकडे यायचे आणि एखादा तुकडा चुकला असला तर त्याच वाटेनं परत जायचा. व्यवहार म्हणाल तर एवढाच. पण त्या खिडकीवर दिवसभरात जेवढं तोंडसुख घेतलं जायचं तेवढं भरल्या बाजारातही कुणी घेत नसेल.

कारण फार पूर्वी कुणीतरी ठरवून टाकलं होतं की कटिंगवाले ही मुलीकडची मंडळी आणि शिलाईवाले मुलाकडची. कापलेला तुकडा म्हणजे लेक. ती खिडकीतून आली की सासरी आली. शिलाईनं तुकडा परत पाठवला की पलीकडे आरोळी उठायची, "लेक माहेरी आली रे, काय खोट काढलीय बघा." हे सुरू कुणी केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवा माणूस आला की काही दिवस गांगरायचा आणि मग तोही मानपानाच्या गोष्टी करायला लागायचा.

शिलाईच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. मोठ्या म्हणजे वयानं. अंगानं त्या काडी होत्या. कटिंगचे प्रमुख मास्तर. मास्तर बाईंना विहीणबाई म्हणायचे आणि बाई त्यांना व्याही. दोघांची रोजची जुगलबंदी ऐकायला शिलाईतल्या मुली मशीन हळू चालवायच्या.

"विहीणबाई, लेक दिलीय. जपून वागवा. मागच्या खेपेला तिचा खांदाच उतरवलात तुम्ही."

"तुमच्या लेकीला खांदा होता कुठं, व्याही? बाही लावायला जागा शोधत बसलो आम्ही."

"नांदवायची नसेल तर तसं सांगा."

"नांदवतोय म्हणून तर बोलतोय. दुसरं घर असतं तर दारातूनच परत पाठवली असती."

सगळे हसायचे. आणि दुपारी मास्तर कुणाला काही न सांगता खांद्याचा नमुना दोन सूत वाढवून घ्यायचे. चूक सांगितली जायची, सुधारली जायची आणि कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही.

मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी एक साहेब पाठवले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला नीटनेटकेपणाची हौस फार. त्यानं भिंतीवर सूचना लावली की कामाच्या ठिकाणी व्यावसायिक भाषा वापरावी, सहकाऱ्यांना सर आणि मॅडम म्हणावं, वैयक्तिक शेरे मारू नयेत. खिडकीला काच बसवली. ट्रे आता दारातून ढकलगाडीनं यायचे. चूक सापडली तर ती स्क्रीनवर नोंदवायची, कुणाची ते नावासकट. सगळं कसं स्वच्छ झालं. आणि चुका वाढल्या.

वाढणारच होत्या. स्क्रीनवर शेजाऱ्याचं नाव टाकायचं म्हणजे सरळ चहाडी. ते पाप कोण डोक्यावर घेणार? मुली आखूड खांद्याला गुपचूप बाही जोडायच्या आणि मूग गिळून बसायच्या. नर्सच्या गणवेशांची अख्खी खेप परत आली, कारण त्यांना हात वर करता येईना. साहेबांनी डोक्याला हात लावला.

मोठ्या बाईंना खेपेचं दुःख झालंच. पण खरं सांगायचं तर त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना कुणी चिडवत नव्हतं. नवरा जाऊन फार वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. फोनवर ती रोज विचारायची, "आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का," आणि रोज तेच उत्तर ऐकून फोन ठेवून द्यायची. जिन्यात भेटणारे शेजारी हात जोडायचे. मुली मॅडम म्हणायच्या. सगळं जग बाईंशी चांगलं बोलत होतं आणि त्या चांगल्या बोलण्याचा बाईंना वीट आला होता. संध्याकाळी खोलीत एकट्या बसल्या की मास्तरांचं एखादं जुनं बोलणं आठवायचं आणि त्यावर आज काय उत्तर दिलं असतं ते त्या मनात जुळवत बसायच्या. उत्तर छान जुळायचं. द्यायला कुणी नसायचं.

मास्तरांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. काच बसली त्याच सुमाराला ती गेली. सगळ्यांबरोबर बाईही भेटायला गेल्या होत्या. मास्तर दारात उभे होते. "या, बाई. बसा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या विहीणबाईच्या नुसत्या बाई झाल्या. बाईंनी सगळा दोष काचेला दिला. काच दोष घ्यायला तयारच असते, ती काही उलटून बोलत नाही.

अशात साहेबांनी एका तरुण मुलीला बोलावून आणलं. ती मानववंशशास्त्र शिकलेली होती. हे नाव ऐकून शिलाईत खसखस पिकली.

"म्हणजे जंगलात जाऊन माणसांचा अभ्यास करतात, तेच ना?" एकीनं विचारलं.

"आता ऑफिसात आणि कारखान्यातही करतात," ती म्हणाली.

"म्हणजे आम्ही जंगली."

"साहेबांचाही करणार आहे."

"मग ठीक आहे," मुली म्हणाल्या आणि तिला बसायला स्टूल दिलं.

सगळे तिला पाहुणी म्हणायला लागले. पाहुणी हुशार होती. पहिल्याच दिवशी तिनं प्रश्न विचारून कुणाला भंडावलं नाही. ती कडा दुमडायला शिकली, बोटात सुई घुसवून घेतली, डबा खाल्ला, काचेपलीकडे जाऊन कापडाचे थर लावायला मदत केली. प्रश्न नंतर आले, आणि तेही असे की उत्तर देताना हसू यावं.

"बाई, घरात तुम्ही थट्टा कुणाची करायचा? आणि कुणाची मुळीच नाही?"

"दिराची करायचे," बाई म्हणाल्या. "मेहुण्याची करतात. नणंदेशी होते, पण ती जपून. सासऱ्यांची कोण करणार बाई? त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही."

"आणि इथं?"

बाई डब्यात बघायला लागल्या. मग एका मुलीनं खिडकीची सगळी कथा सांगितली, लेक, माहेर, खांदा, सगळं. पाहुणी इतकी रंगून ऐकत होती की तिचा डबा तसाच राहिला.

"हे फार ठिकाणी सापडतं," ती म्हणाली. "दोन घरं लग्नानं जोडली जातात, पण एक काही होत नाहीत. भांडायला कारणं रोजची. मग काही समाजांत ठरवूनच टाकतात की या दोघांनी एकमेकांना चिडवायचं आणि कुणी राग धरायचा नाही. तुमच्या कटिंगचं आणि शिलाईचं तेच. थट्टा होती म्हणून चूक दाखवता येत होती. थट्टा काढून घेतली आणि तोंडाला कुलूप लागलं. माणसांना जवळ तर राहायचं असतं, पण फार जवळ जाता येत नाही. अशा जागी थट्टा येते."

बाईंचा घास हातातच राहिला. चूक, खेप, साहेब, सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं. शेवटचं वाक्य तेवढं आत उतरलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. इतकी वर्षं त्या समजत होत्या की मास्तरांशी आपलं काही नाही, नुसती बोलाचाली आहे. आता या पोरीनं कुणाचंही नाव न घेता त्या बोलाचालीचा अर्थ भर डब्यावर मांडून ठेवला होता. बाईंनी डबा बंद केला आणि पोट भरलं म्हणाल्या.

पाहुणीनं साहेबांना काय सांगितलं ते तिचं तिला माहीत, पण साहेबांनी ऐकलं. काच निघाली. सूचनाही निघाली. मात्र साहेब तो साहेबच; त्यानं तिच्या जागी दुसरी लावली की दुपारच्या चहाला थट्टेसाठी वेळ राखून ठेवला आहे. त्या वेळेला दोन्ही हॉल खिडकीपाशी जमले आणि सूतक असल्यासारखे उभे राहिले. साहेबांनी स्वतः एक विनोद सांगितला, तो कुणाला कळला नाही. चार दिवसांनी ती सूचना आपोआप गळून पडली आणि मग एके सकाळी पलीकडून हाक आली, "मुलाकडचे जागे आहेत का?" त्यानंतर सगळं सुरळीत झालं. लेकी नांदू लागल्या, माहेरी जाऊ लागल्या, आणि नर्सचे हात वर जाऊ लागले.

एकटे मास्तर तेवढे बोलले नाहीत.

बाईंनी वाट पाहिली. मग म्हटलं, आपणच सुरुवात करू, आपलं काय घोडं अडलंय. ट्रे आला तशा त्या उठून खिडकीशी गेल्या.

"व्याही, लेक फारच सडपातळ दिलीत. उपाशी ठेवली होती का घरी?"

मागं मशीन हळू झाल्या. मास्तरांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांच्या ओठांवर काहीतरी आलंही. मग त्यांनी नजर खाली घेतली आणि म्हणाले, "बघतो, बाई. दुरुस्त करून पाठवतो."

मुलींनी लगेच मशीन जोरात चालवल्या, बाईंना वाईट वाटू नये म्हणून. बाईंना जास्तच वाईट वाटलं. काच असताना निदान काचेवर रुसता तरी येत होतं.

पाहुणी निरोप घ्यायला आली तेव्हा बाईंनी तिला बटणांच्या कपाटापाशी गाठलं.

"पोरी, सगळे बोलायला लागले. एक माणूस नाही बोलत. तुझं शास्त्र काय म्हणतं त्यावर?"

पाहुणीनं कोण ते विचारलं नाही. "काही नात्यांत थट्टा असते, काहींत अंतर. जावई सासूसमोर मान खाली घालून बोलतो ना, तसं. वरून उलटं दिसतं, पण दोन्हींचं काम एकच, सांभाळून राहणं. थट्टा करणारा माणूस एकदम अदबीनं वागायला लागला, तर तो रागावलाच असेल असं नाही, बाई. कधी कधी थट्टेचा आडोसा पुरेनासा होतो."

"हे पुस्तकात आहे?"

"थोडं पुस्तकात आहे. थोडं मी खिडकीशी बसले होते त्यातलं आहे."

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिला कामाला उशीर होतोय असं सांगून पिटाळलं. दुसरं काही सांगणं त्यांना शक्य नव्हतं.

त्यानंतर लवकरच बातमी आली की मास्तर काम सोडून मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला चालले आहेत. वय झालं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं. साहेबांनी पगार वाढवून देतो म्हटलं, तरी ऐकलं नाही. माणूस बोलत नव्हता, पण खिडकीपलीकडे होता तरी. त्याची कात्री ऐकू यायची, खोकला ऐकू यायचा, कुणावर तरी तो वैतागलेला ऐकू यायचा. आता तेही जाणार होतं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, फोटो झाला, भिंतीवरचं घड्याळ भेट देण्यात आलं. मास्तरांचा मुलगा गाडी घेऊन फाटकाशी येऊन थांबला. मास्तर म्हणाले, "टेबलावर थोडं राहिलंय, एवढं उरकतो." आत जाऊन त्यांनी कमरेच्या पट्ट्या कापल्या, ट्रेमध्ये लावल्या आणि ट्रे खिडकीत ठेवला.

"बाई, हा शेवटचा."

बाई खिडकीशी आल्या. काय बोलायचं ते त्यांनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. व्याही, मुली आमच्या गळ्यात घालून पळून चाललात, असं काहीतरी. चांगलं जमलं होतं. मास्तरांच्या शर्टावर खडूची पूड होती. खांद्यापाशी थोडी, खिशापाशी थोडी. बाईंनी ती पाहिली आणि घोकलेलं सगळं विसरल्या.

"मला करमणार नाही," त्या म्हणाल्या.

मागं मशीन थांबल्या. आधी जवळची, मग पलीकडची, मग सगळ्याच. मास्तर खिडकीच्या चौकटीवर हात टेकून उभे होते.

"मला वर्षभर करमत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर चाललोय."

बाई खिडकीच्या आणखी जवळ आल्या.

"ही होती तोवर थट्टा ही थट्टा होती, बाई. घरी जाऊन तिलाही सांगायचो तुम्ही काय बोललात ते. ती हसायची. आता तोंड उघडलं की भीती वाटते, भलतंच काहीतरी निघेल."

"निघू द्या," बाई म्हणाल्या. "पण जाऊ नका."

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मास्तरांनी त्या दिशेला पाहिलं. मग ट्रे हळूच स्वतःकडे ओढून घेतला, एक पट्टी उचलली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळत राहिले.

"वाकड्या कापल्या गेल्यात," ते म्हणाले. "सगळ्याच. पुन्हा कापाव्या लागतील."

"आज?"

"आज कुठलं व्हायला. मुलाला सांगतो जा म्हणून." त्यांनी पट्टी बाईंच्या हातात दिली. "तुम्ही बघा, तुम्हाला काय वाटतं."

बाईंनी पट्टी खिडकीच्या चौकटीला लावून पाहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती कुठंही केसभर चुकली नव्हती.

"फारच वाकडी आहे," बाई म्हणाल्या.